जे मिळालं नाही त्याची नोंद

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आज कोणती वस्तू संपलेली आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? टाक्याचा धागा, हातमोजे, पाठीत भूल द्यायची सुई, जखमेवर ठेवायचं गॉज... यातलं नेमकं काय? माहीत नसेल तर लाजू नका, मलाही कधी माहीत नव्हतं. माझ्या कमलआत्याला मात्र रोज माहीत असायचं. सव्वीस वर्षं ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज. गेल्या महिन्यात एका सकाळी ड्यूटीवर जायचा डबा भरता भरता ती ओट्याशीच कोसळली. मला बातमी कळवली ती दवाखान्यातल्या रेखा सिस्टरने, जिला आत्याने हाताला धरून थिएटरचं काम शिकवलं होतं. "बाई, कुठं हायेस तू? बसली हायेस का उभी?... तुही आत्या गेली वं." मागे ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता. रेखा सिस्टर हुंदके देत होती आणि त्यातच फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून सांगत होती, "अकराचं सिझर हाये, धागा मोजून घे आधी!" त्या क्षणी मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदन झालं. वंदना झाल्यावर माणसं एकेक करून उठली आणि आत्याबद्दल बोलली. निवृत्त कंपाउंडर म्हणाले, "कमलताई एका पाकिटातला धागा दोन बायाइले पुरवत होत्या." नगरसेवक म्हणाले, हातमोजे धुऊन धुऊन वापरणारी अशी सिस्टर आता होणे नाही. माना डोलल्या, कुणी डोळे पुसले. आत्या तिथे असती तर तिने त्यांना खाली बसवलं असतं. ज्या गोष्टीसाठी तिचं कौतुक चाललं होतं, तीच गोष्ट आपल्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक आहे असं ती मानत होती, आणि नोकरीची शेवटची वर्षं तिने ती दुरुस्त करण्यात घालवली होती. दु:खाच्या सभेत खंडन करू नये म्हणतात. म्हणून इथे करते.

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाआधी पत्रकं आली. माझे वडील मोर्च्यांची, परिषदांची पत्रकं लिहायचे आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्या गठ्ठ्यांवरून. आत्या त्यांची धाकटी बहीण. ती भाषण करत नसे. ती कापायची. दुपारच्या वेळी, रुग्ण कमी झाले की गॉजचं लांबलचक थान टेबलावर पसरून ती आणि रेखा सिस्टर त्याचे चौकोन कापत, कडा आत मोडून घड्या घालत आणि घड्या पत्र्याच्या ड्रममध्ये भरून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायला लावत. मी कॉलेजातून येताना तिथे थांबायची आणि व्यवस्थेवर बोलत राहायची. "बोल बोल," ती म्हणायची, "पण बोलता बोलता घडी घाल. तोंडाले काम हाये, हाताले नाई." तिचा एकच हट्ट होता. तालुक्यातल्या अडलेल्या बाईचं सिझर तालुक्यातच झालं पाहिजे. तिला पासष्ट किलोमीटर यवतमाळला पाठवायची पाळी येऊ नये. आत्याच्या आईची एक अडलेली बहीण बैलबंडीतच दगावली होती, दवाखान्याच्या वाटेवर. त्याबद्दल ती फार बोलली नाही, पण थिएटर बंद पडलं की तिला जेवण जात नसे.

थिएटर बंद पडायचं ते बहुतेक वेळा सामानापायी. डॉक्टर असत, वीज असे, आणि एखादी सुई नसे. त्या काळी मागणी हाताने लिहून जिल्ह्याच्या भांडाराला पाठवायची. तीनशे हातमोजे हवे असले की नऊशे लिहायचे, कारण वरचे लोक तिसरा हिस्साच पाठवतात हे सगळ्यांना पाठ होतं. आणि खालचे तिप्पट लिहितात हे वरच्यांना पाठ होतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखून खोटं लिहीत. जे येईल ते कमीच पडणार, म्हणून प्रत्येक सिस्टर थोडं थोडं बाजूला ठेवायची. प्रसूतीकक्षात खाटेखालच्या पेटीत, ड्रेसिंगच्या खोलीत जुन्या फायलींमागे, आत्याकडे थिएटरच्या कुलपाच्या कपाटात. आणि त्यावरही काटकसर. हातमोजे धुवायचे, भोक पडलंय का ते पाणी भरून पाहायचं, वाळवून पावडर लावायची, पुन्हा वाफेत. धाग्याचं पाकीट फोडलं आणि हातभर उरला, तर तो स्पिरिटच्या वाटीत ठेवायचा, पुढच्या बाईच्या वरच्या टाक्यांसाठी. दवाखान्यात नवी आलेली सिस्टर ही कला शिकली की मगच ती तयार झाली असं समजत.

मग कापूस बुडाला त्या वर्षांतच जिल्ह्यात संगणक आला. आता मागणी लिहायचीच नाही. भांडारातून थिएटरला काय गेलं, याची नोंद रोज संगणकात करायची. खप किती आहे त्यावरून संगणक स्वतःच किमान साठा ठरवणार आणि साठा त्या रेषेखाली गेला की जिल्ह्याला मागणी आपोआप जाणार. भांडार सांभाळणारे औषधनिर्माते गजूभाऊ नव्या खुर्चीवर बसून म्हणाले, "कमलताई, आता हात जोडणं बंद. हे बेटं आपल्याले इचारल्याबिगर सामान मागवते." आत्याला खरंच आनंद झाला होता. मला आठवतं, तिने मला फोन करून सांगितलं होतं की आता नऊशे लिहायची लाज गेली.

वर्षभराने जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर आकडे दाखवले गेले. आत्याच्या दवाखान्याचा खप सगळ्यांत कमी. जिल्हा भांडाराच्या साहेबांनी तिला पुढे बोलावलं, पुष्पगुच्छ दिला, बाकीच्यांना म्हणाले, यांच्याकडून शिका. टाळ्या झाल्या. ती तो गुच्छ घेऊन बसमधून उभ्याने आली आणि दारातच वडिलांना म्हणाली, "पाह्य दादा, पहिल्यांदा कोनी बोलावून फुलं देल्ली." त्यातलं एक फूल माझ्या वेणीत खोचलं. आम्हाला कुणालाच कळलं नाही की काय झालं होतं. धुतलेला हातमोजा दुसऱ्यांदा वापरला की त्याची नोंद होत नव्हती. अर्धा उरलेला धागा दुसऱ्या बाईला लागला, त्याची नोंद होत नव्हती. कपाटातून काढलेली सुई तर कागदावर कधीच संपलेली होती. संगणकाने पाहिलं, हिशेब मांडला आणि ठरवलं की या गावाला फारसं काही लागत नाही. रेषा खाली आली. मग मागणी कमी गेली, सामान कमी आलं. कमी आलं म्हणून आत्याने आणखी काटकसर केली, आणि रेषा आणखी खाली आली. फवारणीच्या दिवसांत पंपातलं विष अंगावर घेतलेली माणसं एकामागून एक आली, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे तिकडे गेले. बाहेर जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली तेव्हा आत गॉजचं शेवटचं थान कापून झालं होतं.

अशाच एका दुपारी तांड्यावरची एक बाई आली. बाळ आडवं होतं, ठोके मंद होत चालले होते. डॉक्टर हजर, भूलतज्ज्ञ हजर. आत्याने कपाट उघडलं आणि गर्भपिशवी शिवायचा जाड धागा शोधला. भांडारात नव्हता. कपाटात नव्हता. स्पिरिटच्या वाटीत बोटभर तुकडा होता. नेहमीसारखी चिठ्ठी लिहून नवऱ्याला बाहेरच्या मेडिकलवर पळवलं. एक दुकान बंद, दुसऱ्यात फक्त कातडी शिवायचा बारीक धागा. गजूभाऊंच्या पडद्यावर त्या धाग्यासमोर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'साठा पुरेसा', कारण रेषा आता एका पाकिटावर आली होती, आणि ते एक पाकीट वापरून झालं तरी कागदावर अजून शिल्लक होतं. बाईला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिची सासू, फेटिया म्हणजे बंजारा घागरा घातलेली म्हातारी, आत्यासमोर उभी राहिली. "बाई, तुमच्याकडं डाक्टर हाय. लाईट हाय. मशीन हाय. मंग नाई काय हाय?" आत्या म्हणाली, "धागा नाई, याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बाई वाचली. बाळ यवतमाळला पोचेपर्यंत गेलं होतं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. वरती ठळक अक्षरांत 'यंत्राने घेतला बाळाचा जीव'. खाली मागण्या, त्यातली पहिली: दवाखान्यातला संगणक हटवा. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी थिएटरच्या बाहेरच्या खोलीत गेले. आत्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने पत्रक दोनदा वाचलं.

"बरं लिवलं," ती म्हणाली, "पन खोटं हाये."

"खोटं काय आहे त्यात? त्या पडद्यावर पुरेसा लिहिलं होतं की नव्हतं?"

"होतं. पन त्याले कोनं सांगतलं पुरेसा हाये म्हून? तो वर्षभर इचारून राह्यला, सिस्टर, किती लागते? आन् मी सांगून राह्यली, इतकंच लागते. आता त्याच्या आंगावर कायले ढकलू?" मग म्हणाली, "मले फुलं देल्ली वं त्यायनं... फुलं."

मी पत्रक फाडलं नाही, घडी करून पिशवीत ठेवलं. मला ती हरली असं वाटलं होतं. मी सभांमध्ये संताप ओळखायला शिकले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर तो दिसत नव्हता. तो तिच्या हातांत होता हे मला दोन दिवसांनी कळलं.

तिने डॉक्टरांची परवानगी घेतली आणि दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरना निरोप दिला की लपवलेलं सगळं घेऊन या. कुणी काही विचारणार नाही. सुरुवातीला कुणी हललं नाही. मग आत्याने स्वतःचं कपाट सताड उघडून रिकामं केलं, आणि तासाभरात जेवणाच्या टेबलावर ढीग लागला. पिवळट पडलेले हातमोजे, मुदत संपलेल्या सुया, नव्याकोऱ्या पट्ट्या, नळ्या, एका सिस्टरने तर साडीच्या पेटीतून आणलेली पाकिटं. "अगं माय, हे तं जुन्या सायबाच्या वेळचं हाये!" "तू कवापासून ठेवलं वं?" बाया एकमेकींची चोरी पाहून हसत सुटल्या. गजूभाऊंनी डोक्याला हात लावला. "कमलताई, कागदावर हे सगळं खपलेलं हाये. आता हे कुठून आलं म्हून लिवू?"

"लिवा, सिस्टरांइच्या भेवातून आलं."

पण रेखा सिस्टर हसली नव्हती. तिने विचारलं ते योग्यच होतं. "ताई, धुतलेले मोजे बंद, उरलेला धागा बंद, लपवलेलं बंद. मंग हे आठ दिवसात संपन. नवव्या दिवशीच्या बाईचं काय?" आत्या म्हणाली, "मले मालूम नाई. पन आपन झाकत राह्यलो तं कोनालेच दिसनार नाई, आन् ती बाई दर महिन्याले येत राहीन." पुढे ती म्हणाली, नवव्या दिवशी जे नसेल ते नाही म्हणून लिहायचं आणि लिहिलेलं वर पोचलं की नाही ते स्वतः पाहायचं.

अडचण अशी होती की नाही लिहायला जागाच नव्हती. संगणकात दोनच रकाने: किती दिलं आणि किती उरलं. जे मागितलं आणि मिळालं नाही त्याला रकाना नव्हता. आत्या रजा टाकून जिल्ह्याच्या भांडारात गेली, मी सोबत गेले. समोर तेच, फुलं देणारे साहेब. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना मुद्दा कळेना. "सिस्टर, जे स्टोअरमध्ये नाही ते तुम्ही इश्यू केलं नाही. इश्यू केलं नाही तर खप नाही. खप नाही तर मागणी कशी येणार? सिस्टिम अशीच चालते."

आत्या म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी पाव्हने आले आन् दूध नवतं. वैनीनं काळा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी वैनी दूधवाल्याले काय सांगते? आमच्या घरी दूध लागतच नाई, असं?"

साहेब हसले. बाजूच्या टेबलावरचा कारकूनही हसला. आत्या हसली नाही, तिने त्या बाळंतिणीचा केसपेपर समोर ठेवला. साहेबांनी तो वाचला. रकाना वाढवणं माझ्या हातात नाही, ते वरूनच होतं, असं ते म्हणाले. पण बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून, त्यांनी तिला एक गोष्ट दाखवली. संगणकात आकस्मिक मागणी नावाचं एक पान होतं. पूर, अपघात अशा वेळेसाठी ठेवलेलं. त्यावर डॉक्टरांची संमती घेऊन वस्तू टाकली की ती थेट जिल्ह्याला जायची आणि पुढच्या किमान साठ्यात धरली जायची. "पण हे रोज वापरायचं नसतं," ते म्हणाले.

"आमच्याकडं रोजच पूर हाये साहेब."

तिथून तिचा नियम सुरू झाला. बाहेरची चिठ्ठी देण्याआधी नोंद. एक सुई असो की एक पट्टी, आधी आकस्मिक मागणी संगणकात, मग चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात. घाईचं असलं तर चिठ्ठी आधी, पण ती बाई थिएटरबाहेर पडण्यापूर्वी नोंद झालीच पाहिजे. गजूभाऊ कंटाळले, पुटपुटले, "ताई, माह्यं बोट झिजलं," आणि तरी करत राहिले. पहिले दोन महिने फार वाईट गेले. दोनदा बाया यवतमाळला पाठवाव्या लागल्या, आणि दोन्ही वेळा आत्या स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेली. जिल्ह्याहून कारकुनाचा फोन आला, "सिस्टर, तुमच्या एका दवाखान्याच्या मागण्यांनी आमचा पडदा भरला, आता बस करा." तिने त्याला शांतपणे विचारलं, "तुमी सामान पाठवून राह्यले का? मंग माह्यं आपोआप बस होते." पुढच्या बैठकीत पडद्यावर तिच्या दवाखान्याचा खप एकदम वर गेलेला दिसला. यावेळी फुलं नव्हती. उलट कुणीतरी विचारलं की हा एवढा वापर कसा वाढला. ती उभी राहिली आणि म्हणाली, वापर तेवढाच आहे, आधी मी खोटं बोलत होते. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात त्या गुच्छाच्या दिवशीपेक्षा जास्त अभिमान होता.

रेषा हळूहळू वर आली. पुढच्या फवारणीच्या हंगामाआधी नळ्या आणि हातमोजे येऊन पडले होते, कारण आदल्या हंगामात काय नव्हतं ते आता संगणकाला माहीत होतं. जाड धाग्याची पाकिटं कपाटात कुलपाशिवाय राहू लागली. सिझर गावातच होऊ लागली. स्पिरिटची वाटी आत्याने स्वतः घासून चहाच्या साखरेसाठी काढली. मी नंतर कितीतरी पत्रकं लिहिली, पण 'हटवा' हा शब्द लिहिताना आता मी थांबते. आपण त्या यंत्राला, त्या कार्यालयाला, त्या माणसाला खरं काय ते कधी सांगितलं होतं का, हे आधी तपासते. बऱ्याचदा सांगितलेलं असतं आणि तरी कुणी ऐकलेलं नसतं. तेव्हा मी तो शब्द जाड अक्षरात लिहिते. आत्याचा त्याला विरोध नव्हता.

गेल्या आठवड्यात तिच्या पेन्शनच्या कागदांसाठी दवाखान्यात गेले. भांडाराच्या खिडकीसमोर एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे पळत सुटला. मी गजूभाऊंना विचारलं, नोंद झाली का? ते म्हणाले, "कमलताई होत्या तवा मांगं उभ्या राहत. आता गर्दी असली की राहून जाते बाई. संध्याकाळी टाकू म्हनतो..." संध्याकाळी राहून जातं. एक राहिली, दहा राहिल्या की रेषा पुन्हा खाली यायला लागेल, कुणाला न सांगता, हिरव्या अक्षरांत. गजूभाऊंनी माझ्यादेखत ती नोंद केली. पण मी रोज तिथे उभी राहू शकत नाही, आणि तुमच्या तालुक्यात तर मी येऊच शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्या माणसासाठी सरकारी दवाखान्यात बाहेरून काही आणायची चिठ्ठी हातात आली, तर एकाने मेडिकलकडे पळा आणि दुसऱ्याने खिडकीशी थांबा. सिस्टरवर ओरडू नका, तिच्याकडे नाही म्हणूनच तिने चिठ्ठी लिहिली आहे. आवाज न चढवता एवढंच विचारा, "हे मिळालं नाही, याची मागणी वर गेली का?" गेली नसेल तर ती जाईपर्यंत तिथून हलू नका. तुमचं माणूस बरं होऊन घरी जाईल. ती नोंद तुमच्यानंतर येणाऱ्या बाईसाठी आहे. तिच्यासाठी थांबा.